दोन पत्त्यांवरचं एक जोडपं मोजताना

नातं पक्कं, पण घरं दोन. अशा जोडप्यांचं सर्वेक्षण हाती घेतलं की पहिली अडचण शब्दाचीच येते. स्वीडिशमध्ये एकत्र राहणाऱ्या जोडीदाराला 'साम्बो' आणि वेगळ्या घरात राहणाऱ्याला 'सॅर्बो' म्हणतात. एका शब्दात प्रश्न विचारून होतो. मराठीत तशी सोय नाही. 'जोडीदार' म्हटलं की अनेकांच्या डोळ्यांसमोर एकाच घरातलं माणूस येतं, आणि वेगळं राहणारे सरळ 'नाही' म्हणून मोकळे होतात.

आमच्या पहिल्या मसुद्यात एकच चाळणी प्रश्न, म्हणजे हवी ती माणसं निवडून काढणारा प्रश्न, होता : 'तुम्ही जोडीदारासोबत राहता का?' हा प्रश्न निकामी आहे. 'नाही' या उत्तरात एकटे, विधवा-विधुर, घटस्फोटित आणि आपल्याला हवी असलेली जोडपी असे सगळेच जमा होतात. म्हणून त्याचे दोन तुकडे केले. आधी, 'सध्या तुमचं कुणाशी जोडीदार म्हणून नातं आहे का? लग्न झालेलं असो वा नसो, एकत्र राहत असा वा नसा.' मग, 'ती व्यक्ती तुमच्याच घरात राहते का?' हे दोन्ही प्रश्न वैवाहिक स्थितीच्या प्रश्नाआधी यायला हवेत. उलटं झालं तर 'अविवाहित' वर खूण पडते, प्रश्नावली पुढच्या भागावर उडी मारते आणि जोडीदाराचा विषय निघतच नाही. घरातल्या माणसांची यादी करून झाल्यावर लगेच हा प्रश्न विचारला तरी घोळ होतो, कारण माणूस त्या यादीतच जोडीदार शोधू लागतो.

'तुमच्याच घरात' म्हणजे नेमकं काय, हे मुलाखतकारांना आधीच ठरवून द्यावं लागतं. आठवड्यातल्या चार रात्री एकत्र, तीन वेगळ्या. मग हे एक घर की दोन? आम्ही रात्रींवर हद्द बांधली नाही. दोघांची स्वतंत्र राहती घरं आहेत का, हे विचारलं आणि रात्री वेगळ्या मोजल्या. नोकरीमुळे दुसऱ्या गावी असलेला नवरा, वसतिगृहात राहणारी विद्यार्थिनी, भांडून माहेरी आलेली पत्नी, दीर्घ उपचारासाठी रुग्णालयात असलेला जोडीदार, हे सगळे या चाळणीतून आत येतात. त्यांना दारातच वगळू नये. कारणाची नोंद ठेवावी, वगळायचं की नाही ते विश्लेषणात ठरवावं. दारात वगळलेला माणूस पुन्हा मिळत नाही. नात्याच्या किमान काळाचंही तेच. 'सहा महिने झालेत का?' असं न विचारता नातं सुरू झालं तो महिना आणि वर्ष विचारावं. हद्द नंतर कुठेही आखता येते.

नमुन्याचं गणित मात्र निष्ठुर आहे. ब्रिटनमध्ये 2011 च्या सर्वेक्षणात सुमारे 9 टक्के प्रौढ अशा नात्यात आढळले, कॅनडात त्याच वर्षी 20 वर्षांवरच्या लोकांत सुमारे 7 टक्के. मधला आकडा 8 धरला तर 100 जण मिळवायला साधारण 1250 जणांना चाळणी प्रश्न विचारावा लागतो. दोन्ही जोडीदारांची उत्तरं हवी असतील आणि दुसऱ्या जोडीदारांपैकी निम्मेच तयार होतील असं धरलं, तर 200 पूर्ण जोड्यांसाठी 400 पहिले जोडीदार, म्हणजे 5000 चाळण्या. हा खर्च बघून ओळखीच्यांकडून ओळखीच्यांपर्यंत जायचा मोह होतो. तशी माहिती अनुभव समजून घ्यायला चालते, पण तिच्यातून टक्केवारी काढायची नाही. त्या वाटेने येतात ते बहुधा आपल्या व्यवस्थेवर खूश असलेले, तिच्याबद्दल बोलायला उत्सुक लोक. घरभाडं परवडत नाही म्हणून आई-वडिलांकडे अडकलेलं जोडपं त्यात क्वचितच सापडतं.

दुसरा फसवा भाग मोजणीचा. घरांमधून नमुना काढला तर अशा जोडप्याला निवडलं जाण्याच्या दोन संधी असतात, प्रत्येक घरातून एक. किती माणसं अशा नात्यात आहेत, एवढंच सांगायचं असेल तर काही बिघडत नाही. पण जोडप्यांबद्दल बोलायचं असेल तर अशा जोडीचा भारांक, म्हणजे हिशेबात तिला दिलेलं वजन, निम्मा करावा लागतो. 100 माणसं म्हणजे 50 जोडपी, ही साधी गोष्ट अहवाल लिहिताना हमखास निसटते.

दुसऱ्या जोडीदारापर्यंत पोहोचताना घाई नको. निमंत्रण पहिल्यामार्फतच जावं आणि तो कचरला तर विषय तिथेच सोडावा. नातं घरच्यांपासून लपवलेलं असू शकतं, त्यात धाक किंवा मारहाणही असू शकते. संमती दोघांची वेगवेगळी, प्रश्नावलीचा दुवा वेगळा, सांकेतिक क्रमांक जोडणारा पण नावाशिवाय. फोन कधी केलेला चालेल, हे विचारून घ्यावं. निरोपात आणि पाकिटावर विषयाचा उल्लेख नको. त्या पत्त्यावर मुलं, आई-वडील, कधी पूर्वीचा जोडीदारही राहत असतो. आणि एकाचं उत्तर दुसऱ्याच्या कानावर कधीच जाता कामा नये. 'त्या तर असं म्हणाल्या' एवढं मुलाखतकाराच्या तोंडून निघालं तरी ती जोडी बाद.

वेगळं राहण्याचं कारण विचारताना एकच पर्याय निवडायला लावू नये. घाई नको, नोकरी, मुलं, आजारी आई-वडील, घराचा खर्च, स्वतःची जागा हवी, मागच्या नात्याचा धडा : लागू असतील तेवढ्यांवर खुणा, मग मुख्य एक. पर्यायांचा क्रम दर वेळी बदलावा, नाहीतर वरच्या दोनांवरच गर्दी होते. तरीही 'मुलं लहान आहेत' हे मजबुरी की निवड, ते खुणेवरून कळत नाही. ते उलगडलं पुढच्या प्रश्नाने : 'ही अडचण उद्या दूर झाली, तर एका घरात राहाल का?' संपूर्ण प्रश्नावलीतला सगळ्यात कामाचा प्रश्न हाच, असं आमचं मत. दोघं याचं उत्तर वेगळं देतात तेव्हा तर विशेष.

विश्लेषणात 200 जोड्या म्हणजे 400 स्वतंत्र माणसं नव्हेत. जोडीतल्या उत्तरांचा सहसंबंध, म्हणजे दोघांची उत्तरं किती मिळतीजुळती आहेत याचं माप, 0.4 असेल तर 400 ला 1 + 0.4, म्हणजे 1.4 ने भागावं लागतं. हाती राहते जेमतेम 286 जणांइतकी माहिती. हे विसरलं की नसलेले फरकही ठळक दिसू लागतात.

न जुळणारी उत्तरं हा वेगळाच खजिना. 'गेल्या 4 आठवड्यांत किती रात्री एकत्र होतात?' याला एक जण 9 लिहितो, दुसरी 12. सरासरी काढून 10.5 करू नका. अर्धी रात्र कुणी काढलेली नसते. बहुतेक वेळा दोघांच्या मुलाखतींत दहा-बारा दिवसांचं अंतर असतं आणि 'गेले 4 आठवडे' दोघांसाठी वेगळे पडतात. किंवा एकाने प्रवासातल्या, तिसऱ्याच्या घरी काढलेल्या रात्री धरलेल्या नसतात. म्हणून तारखा छापलेलं कॅलेंडर समोर ठेवलं, दोघांना एकच 28 दिवस दिले आणि शेवटच्या शनिवारपासून मागे मोजायला सांगितलं. दुसरी मुलाखत पहिलीपासून सात दिवसांत संपवायची, असाही नियम केला.

या सात दिवसांतही नातं तुटू शकतं. दुसरा जोडीदार फोनवर म्हणतो, 'आता तसं काही नाही.' अशा वेळी पुढचे प्रश्न विचारायचे नाहीत, आभार मानून थांबायचं. पहिल्याची नोंद पुसायची नाही, दुसऱ्याच्या रकान्यात 'नकार' न लिहिता 'नातं संपलं' असा स्वतंत्र संकेत द्यायचा, आणि ही गोष्ट पहिल्याला कळवायची नाही.