छताकडे बघणारी माणसं

गेली 22 वर्षं मी रंगाची कंत्राटं घेतो. लालबागच्या चाळींपासून मुलुंडच्या टॉवरपर्यंत सगळं केलं, त्यात पाच-सहा नर्सिंग होमही आली. हॉस्पिटलचं आमचं गणित ठरलेलं. खाली चार-साडेचार फूट ऑइल पेंट, कारण तिथे स्ट्रेचर घासतं, हात लागतात, फडक्याने पुसता आलं पाहिजे. वर डिस्टेंपर. आणि छताला स्वस्तातला पांढरा, दीड हात. (हात म्हणजे रंगाचा थर. दीड हात हा आमच्या धंद्यातला विनोद. बिलात दोन असतात.)

गेल्या जुलैत आईचं मांडीचं हाड मोडलं. एका हॉस्पिटलच्या जनरल वॉर्डात 11 दिवस होती. पायाला वजन लावलेलं, कूस बदलायची सोय नाही. मी सवयीने आधी भिंत बघितली. फिकट पिस्ता, लांबीही, म्हणजे रंगाखालची पुट्टीही, नीट घासलेली. म्हटलं, "आई, रंग छान थंड आहे गं."

"कुठला रंग? मला ट्यूब दिसते."

तिच्या उशीशी डोकं नेऊन वर पाहिलं. डोळ्यात खुपणारी ट्यूब, कडा काळ्या पडलेला पंखा, आणि पंख्याच्या हुकापाशी ओलीचा डाग. चहा सांडल्यासारखा, मध्ये फिका, कडेला गडद, एक पोपडा सुटून लोंबणारा. पावसाबरोबर तो डाग वाढत होता आणि आई त्याच्यावर पहारा देत होती. "काल पंख्यापासून वीतभर होता, आज बघ." पोपडा तोंडात पडेल म्हणून रात्री तोंडावर पदर घेऊन झोपायची. झोपायची कसली, पदराखालून बघायची.

सहाव्या दिवशी खिडकीजवळची खाट रिकामी झाली. सिस्टरच्या मागे लागून आईला तिकडे हलवलं. बाहेर बदामाचं झाड. दुसऱ्या दिवसापासून डाग बंद, कावळे सुरू. कुठला कावळा कुणाच्या फांदीवर बसतो, कोण कुणाला हाकलतो, सगळं मला रोज संध्याकाळी ऐकावं लागायचं. दुखणं तेच होतं, पण तक्रारीचा सूर बदलला.

पुढे वाचलं की हे अमेरिकेत रॉजर उलरिच यांनी 1984 साली आकड्यांत मांडलंय. पित्ताशयाचं ऑपरेशन झालेले 46 रुग्ण, निम्म्यांच्या खिडकीतून झाडं दिसायची, निम्म्यांना विटांची भिंत. झाडंवाले लवकर घरी गेले आणि त्यांना जोरदार वेदनाशामकं कमी लागली. निळ्याने शांत वाटतं, केशरीने भूक लागते, हे शेडकार्डवाल्यांचं मी चवीपुरतं घेतो. खिडकीचं मात्र पटलं, कारण आई समोर होती.

रंगाचं काहीच नसतं असंही नाही. एका बाळंतिणींच्या नर्सिंग होममध्ये मी हौसेने लिंबू पिवळा मारला होता. बालरोगतज्ज्ञ बाईंनी दुसऱ्या दिवशी खरवडायला लावला. भिंतीचा पिवळा बाळाच्या अंगावर पडतो, मग कावीळ ओळखायची कशी? तेव्हा मी मनात चरफडलो होतो. ऑपरेशन थिएटरच्या हिरव्याचंही कारण त्यांनीच सांगितलं. पूर्वी तिथे सगळं पांढरं असायचं. 1914 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या हॅरी शर्मन या सर्जननी त्या पांढऱ्याच्या चकाकीला कंटाळून हिरवा आणला. शेडकार्डावरचा लालभडक चौकोन अर्धा मिनिट टक लावून बघा आणि मग कोऱ्या कागदाकडे बघा, हिरवट चौकोन तरंगताना दिसेल. रक्त बघून नजर वर केली की सर्जनलाही तसंच होतं. मागे हिरवंच असेल तर ते भूत त्यात मिसळून जातं.

म्हणजे थिएटरमध्ये उभ्या माणसाच्या डोळ्यांचा विचार झालाय. वॉर्डात आडव्या माणसाचा कोण करतो? मीही केला नव्हता.

आता भांडुपला एका नर्सिंग होमचं काम घेतलंय. परवा माप घ्यायला गेलो. टेप बाजूला ठेवला, खाट जिथे येणार तिथे लादीवर वर्तमानपत्र पसरलं आणि उताणा झोपलो. ट्यूब बरोब्बर डोळ्यांवर. ती भिंतीकडे सरकवायची, छताला चकाकी नसलेला फिका मोतिया, ओल आधी काढायची, आणि दोन हात, खरेखुरे दोन. हे मनात टिपतोय तोवर डॉक्टर दारात.

"अहो, काय झालं? चक्कर आली का?"