फील्डच्या घाटात एकच मालगाडी एकाच बोगद्याच्या दोन्ही तोंडांत

कॅलगरीहून पहाटे निघालो, लेक लुईसला पेट्रोल भरलं आणि किकिंग हॉर्स खिंड ओलांडून ब्रिटिश कोलंबियात उतरलो. योहो राष्ट्रीय उद्यानात, फील्ड गावाजवळ, ट्रान्स-कॅनडा महामार्गालगतच रेल्वेच्या खालच्या सर्पिल, म्हणजे डोंगराच्या पोटात वळसा घेणाऱ्या, बोगद्यासमोर थांबा आहे. तिथे दोन तास बसलो आणि त्याचं चीज झालं.

1884 मध्ये कॅनेडियन पॅसिफिक या रेल्वे कंपनीने इथे घाईघाईत रूळ टाकले, तेव्हा उतार होता 4.5 टक्के, म्हणजे जवळपास 22 फुटांना एक फूट. आपला बोरघाट 37 ला एक. यावरून अंदाज करा. बांधकामाची पहिलीच गाडी ताबा सुटून उतारावरून धावत सुटली आणि तीन माणसं गेली. मग उतारावर आपल्या कॅच सायडिंगसारखे, म्हणजे बेताबाहेर गेलेली गाडी वळवून थांबवणारे, फाटे काढले. सांधे कायम त्या फाट्यांकडेच लावलेले असत. गाडी ताब्यात आहे याची खात्री पटली, तरच सांधेवाला मुख्य मार्ग मोकळा करी. चढायला चार-चार इंजिनं लागत.

1909 मध्ये जॉन श्वित्झर या अभियंत्याच्या आराखड्याप्रमाणे डोंगराच्या पोटात दोन वळसे घालून मार्ग लांबवला आणि उतार 2.2 टक्क्यांवर आणला. वरचा बोगदा साधारण 990 मीटर, खालचा 890.

आम्हाला दिसली ती पूर्वेकडे चढणारी कंटेनरगाडी, एकावर एक डबे रचलेली. इंजिनांची घरघर डोंगराआड गेली, आणि काही वेळाने ती त्याच बोगद्याच्या वरच्या तोंडातून बाहेर आली तेव्हा खालच्या तोंडात वाघिणी अजून शिरतच होत्या! गाडीच्या मध्यभागीही एक इंजिन होतं. ते पुढच्या इंजिनातूनच चालवतात.

उतार कमी झाला, धोका संपला नाही. फेब्रुवारी 2019 मध्ये 112 वाघिणींची धान्यगाडी वरच्या उतारावर आपत्कालीन ब्रेक लावून उभी होती. कडाक्याच्या थंडीत ब्रेक दाबून धरणारी हवा गळत गेली. हँडब्रेक लावलेले नव्हते. सुमारे तीन तासांनी गाडी आपोआप सुटली आणि नुकतेच चढलेले तिघे कर्मचारी दगावले. समोरच्या त्या संथ गाडीकडे बघताना हे मनातून जात नव्हतं.

जाणाऱ्यांसाठी: मालगाड्यांचं वेळापत्रक मिळत नाही, म्हणून अर्धा दिवस मोकळा ठेवा. लांब गाडी हवी, आखूड गाडी बोगद्यातच मावते. झाडं वाढल्याने दृश्य तुकड्यातुकड्यांत दिसतं, तेव्हा दुर्बीण न्या. वरच्या बोगद्याचा थांबा योहो व्हॅली रस्त्यावर आहे, पण तो रस्ता हिवाळ्यात बंद असतो. उद्यानाचा पास आधीच घ्या. घड्याळ बदलू नका, ब्रिटिश कोलंबियात असूनही फील्डला अल्बर्टाचीच, म्हणजे कॅलगरीचीच, वेळ चालते. रुळांवर मात्र पाऊल टाकू नका. उतरती गाडी थांबायला फार अंतर लागतं.

इंजिनं जवळून बघायची असतील तर फील्ड गावात या. इथे कर्मचारी बदलतात, त्यामुळे गाडी हमखास थांबते. आम्ही रस्त्यावरूनच पाहिलं: दोघे पिशव्या घेऊन उतरले, दुसरे दोघे चढले, आणि ब्रेक सुटल्याचा फुसकारा सगळ्या गावाला ऐकू गेला.