बोर्डावरचं बटण आणि प्रिंटरची काळी शाई

मे महिन्याच्या शेवटी दहावीच्या उन्हाळी बॅचची पहिली चाचणी होती. रात्री साडेदहाला प्रश्नपत्रिका छापायला बसले, तर कागद बाहेर आला तो जवळजवळ कोराच. वर क्लासचं नाव निळ्या-केशरी रंगात झकास उमटलेलं आणि खाली प्रश्नांच्या जागी पुसट आडव्या रेघा. भूमितीची आकृती तर खोडरबराने पुसल्यासारखी. मार्चनंतर मी प्रिंटरला हातच लावला नव्हता, आणि अकोल्याचा उन्हाळा, पारा ४५च्या आसपास. शाई वाळली होती, हे सांगायला मेकॅनिक नको होता.

नोझल चेक काढला. यात चार रंगांच्या बारीक रेघांची पायऱ्यांसारखी नक्षी छापून येते. जिथे रेघ तुटते तिथलं छिद्र बंद. निळा, गुलाबी, पिवळा जवळजवळ धड. काळ्याच्या मात्र चार-पाच पायऱ्या सोडल्या तर सगळा जिना गायब.

काळाच का, हे नंतर समजलं. माझ्या प्रिंटरची काळी शाई पिगमेंटची आहे, म्हणजे रंगाचे अतिसूक्ष्म कण पाण्यात तरंगत असतात. बाकीचे तीन रंग डायचे, पाण्यात विरघळलेले. पाणी उडालं की पिगमेंटचे कण थरासारखे बसतात, आणि छिद्रं तर केसापेक्षा बारीक. गंमत अशी, की पोरांचे घामट हात लागले तरी अक्षर फिसकटत नाही म्हणून मी मुद्दाम हीच शाई निवडली होती.

मग मेनूतून हेड क्लीनिंग, म्हणजे ही छिद्रं असलेल्या, कागदावरून सरकणाऱ्या भागाची सफाई. एकदा, दोनदा. दोन पायऱ्या वाढल्या, एक कमी झाली. तिसरं लावलं आणि लेकीला झोपवायला गेले. परत आले तर बाहेरच्या खोलीत अंधार, प्रिंटर बंद. झालं असेल म्हणून मीही झोपले. प्रश्नपत्रिका सकाळी चौकातल्या झेरॉक्सवाल्याकडून काढून आणल्या.

क्लीनिंगबद्दल एक सांगते. ते फुकट होत नाही. यंत्र हेडमधून शाई खेचतं आणि तळाशी असलेल्या स्पंजात ओततं. टाकीतली शाई डोळ्यांदेखत उतरते, आणि तो स्पंज भरला की प्रिंटर कामच थांबवतो. म्हणून रागारागाने दहा-दहा वेळा क्लीनिंग मारण्यात अर्थ नाही. तीनदा झालं की थांबायचं. माहितीपुस्तिकेतही मध्ये निदान बारा तास जाऊ द्या असंच लिहिलं होतं.

मेकॅनिकला फोन केला. न बघताच म्हणाला, "मॅडम, हेड गेलं. नवं टाकण्यापेक्षा नवा प्रिंटरच घ्या."

फोन ठेवून झाकण उघडलं आणि तिथेच थबकले. हेड उजव्या कोपऱ्यातल्या आपल्या जागेवर नव्हतं. ज्या रुळावरून ते सरकतं त्याच्या मधोमध उघडं पडलं होतं. तेव्हा डोक्यात लख्ख प्रकाश पडला. आमचे बाबा, म्हणजे माझे सासरे, आयुष्यभर वायरमनकी करून निवृत्त झालेले. रात्री झोपण्यापूर्वी घरभर फिरून बोर्डावरची बटणं बंद करणं हा त्यांचा नेम. काल क्लीनिंग चालू असतानाच त्यांनी करंट तोडला होता.

उजव्या कोपऱ्यात एक रबरी कडांची टोपी असते. काम आटोपलं किंवा प्रिंटरचं स्वतःचं बटण दाबलं, की हेड तिथे जाऊन बसतं आणि टोपी खालून छिद्रांना घट्ट झाकते. मध्येच करंट गेला तर हेड उघड्यावर राहतं. मार्चमध्ये शेवटचं छापलं ती रात्रही आठवली. कागद संपला होता, लाल दिवा लुकलुकत होता, आणि सकाळी बघू म्हणून मी उठले होते. म्हणजे हेड जवळजवळ अडीच महिने उघडं, तेही ऐन उन्हाळ्यात.

"बाबा, हे बोर्डावरून बंद नाही करायचं," मी म्हटलं. त्यांनी वाकून आत पाहिलं, सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग धुणार कशाने? बोअरच्या पाण्याने?" बोअरच्या पाण्याने आमच्या कूलरच्या जाळीवर पांढरा थर चढतो. मी गप्प. ते आत जाऊन इन्व्हर्टरच्या बॅटरीसाठी आणलेला डिस्टिल्ड वॉटरचा कॅन घेऊन आले. "बॅटरीला नळाचं चालत नाही, याला कसं चालेल?"

काच पुसायचं द्रावण वापरा, सिरिंजने हेडमध्ये दाब द्या, असे सल्ले बरेच मिळाले. मी दोन्ही टाळले. आतलं रबर आणि चिकटवलेले भाग कशाला काय म्हणतील, कोण जाणे.

प्लग काढलेलाच होता. चष्मा पुसायच्या मऊ कापडाची दोन बोटं रुंद पट्टी कापली, ओली करून पिळली, रुळाखाली अंथरली आणि हेड हळूच सरकवून तिच्यावर आणलं. टोपीच्या काठावर काजळाच्या डबीला जमते तशी काळी खपली होती. टोपी नीट बसत नसणार ती त्यामुळेही. ओल्या इअरबडने ती दहा मिनिटं सोडवत बसले. मग टोपीतल्या स्पंजावर सिरिंजने पाण्याचे सात-आठ थेंब सोडले.

सकाळी कापडावर तीन रंगांचे ओघळ आणि काळ्याच्या जागी जेमतेम राखाडी डाग. जीव खट्टू झाला. पट्टी धुऊन पुन्हा तेच केलं. दुसऱ्या सकाळी मात्र कापडावर करंगळीएवढी गडद काळी रेघ! पट्टी काढली, प्रिंटर चालू करून एकच क्लीनिंग दिलं, नोझल चेक काढला. काळ्याच्या फक्त तीन पायऱ्या कमी. काळ्या पट्ट्यांची चार पानं छापली, दुपारभर तसंच ठेवलं, आणि संध्याकाळी जिना पूर्ण झाला. पिवळ्याची एक रेघ अजून तुटकी आहे, पण प्रश्नपत्रिकेत पिवळं असतं कुठे?

आता दर रविवारी लेक चारही रंगांचं एक चित्र छापते. आणि रात्री बाबा बोर्डाजवळ पोचले की आधी प्रिंटरचं बटण दाबतात, हेड कोपऱ्यात जाऊन बसल्याचा खट्ट आवाज येईपर्यंत उभे राहतात, आणि मगच बोर्डावरचं बटण बंद करतात.