पाणी ओसरल्यावर

ताडोब्याच्या मोहर्ली गेटवर मी गाईड आहे. जिप्सी सुरू व्हायच्या आत पहिला प्रश्न ठरलेला असतो, "ताई, आज साइटिंग होईल ना?" एप्रिल-मेमध्ये मी गाडी सरळ पाणवठ्याकडे न्यायला सांगते. उन्हाळ्यात जनावर पाण्याला येणारच. या एका गोष्टीवर माझा डोळे झाकून विश्वास.

गेल्या मार्चमध्ये आम्ही काही गाईड ठाणे खाडीतले फ्लेमिंगो बघायला अभ्यास दौऱ्यावर नवी मुंबईतल्या ऐरोलीला गेलो. मुंबई मी पहिल्यांदाच बघत होते. कल्याण सोडल्यापासून खिडकीशी बसून होते, पण इमारतींमागे इमारतीच. इथे जनावर राहत असेल तर कुठे, हे काही केल्या डोक्यात बसेना. ठाणे खाडीचं फ्लेमिंगो अभयारण्य १,६९० हेक्टरचं, म्हणजे सतराएक चौरस किलोमीटर. आमच्या ताडोब्याचा नुसता गाभाच सव्वासहाशेचा आहे. २०१५ साली अभयारण्य झालं, २०२२ मध्ये महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या जागतिक रामसर यादीत गेलं, हे सगळं मी वाचून गेले होते. तरी एका बाजूला मुंबई, दुसऱ्या बाजूला नवी मुंबई आणि पाण्यातच उभे विजेचे मनोरे बघून मन खट्टू झालं.

बोट किती वाजता सुटणार, हे मी दोनदा विचारलं. आमच्याकडे गेटची वेळ म्हणजे वेळ. बोटवाले काका ऐरोलीचेच, कोळी. म्हणाले, "ताई, घड्याल नको बघू, पानी बघ." मग नीट समजावून सांगितलं. पूर्ण भरतीत चिखल बुडालेला असतो, तेव्हा पक्ष्यांना खायला उतरता येत नाही. पूर्ण ओहोटीत बोटच रुतते. मधल्या वेळात जायचं, आणि ती वेळ रोज पाऊण-एक तासाने पुढे सरकते.

आम्ही निघालो तेव्हा पाणी उतरायला लागलं होतं. काठाला तिवरांची, म्हणजे खारफुटीच्या झाडांची, दाट रांग. काकांनी एक पान तोडून हातात दिलं, "चाटून बघ." खारट! मुळांनी ओढलेलं मीठ हे झाड पानांतून बाहेर टाकतं. खाली चिखलातून बोटभर उंचीची श्वासमुळं शेकड्यांनी वर आलेली आणि त्यांच्यामधून निवट्या सरपटत होत्या. मासा असून पाण्याबाहेर चालतो! मी कितीतरी वेळ तेच बघत बसले.

पुढे चिखलाचा पट्टा उघडा पडत होता, तसतसे रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, उतरत होते. काकांनी इंजिन बंद केलं तेव्हा त्यांचा आवाज ऐकू आला, बदकांच्या कळपासारखा सतत चाललेला. बहुतेक छोटे रोहित, गडद लाल चोचीचे. मान खाली घालून, चोच उलटी धरून चिखलाचं पाणी गाळत पुढे सरकत होते. त्यांचं खाणं म्हणजे सूक्ष्म शेवाळ. शहराच्या सांडपाण्यावर ते इथे भरपूर वाढतं, आणि त्यातल्याच रंगद्रव्याने पिसं गुलाबी होतात. डोक्यावरून विमान गेलं तशी मी काकांकडे पाहिलं. मे २०२४ मध्ये घाटकोपरला विमानाला धडकून तीसहून जास्त रोहित मेले होते. काका म्हणाले, "तवा दोन दिवस जेवान गेलं नाय." मलाही पुढे काही बोलवेना. जंगलातून जाणाऱ्या रस्त्यावर गाडीखाली आलेली जनावरं मी पाहिली आहेत.

परतताना बोट तिवरांच्या अगदी कडेने चालली होती. उघड्या पडलेल्या चिखलावर मला ठसे दिसले. "काका, थांबवा!" चार बोटं, पुढे नखांचे टोकदार ठिपके. मांजरकुळातलं जनावर चालताना नखं आत घेतं, म्हणजे बिबट्या नाही. कुत्र्यापेक्षा ठसा अरुंद, मधली दोन बोटं जवळजवळ, आणि चाल एका सरळ रेषेत. खेकड्याच्या एका बिळाशी चिखल उकरलेला. "कोल्हा आहे," मी म्हटलं. काका हसले. "हायेतच. रात्री वरडतात. पन दिसत नायत."

मी ठशाकडे बघतच राहिले. ताडोब्यात धुळीतला ठसा रात्रीचा की पहाटेचा, यावर आम्ही गाईड हुज्जत घालतो. इथे वादच नाही. ही जागा तासाभरापूर्वी पाण्याखाली होती. म्हणजे ठसा तासाभराच्या आतलाच. जनावर तिवरांत कुठेतरी होतं, कदाचित आम्हालाच बघत. पाणी उतरायची वाट बघून, उतरल्याबरोबर ते बाहेर आलं होतं. माझ्या जंगलात जनावर पाण्यापाशी येतं. इथलं जनावर पाणी गेल्यावर येतं.

"चला ताई, नायतर रातभर हितंच," म्हणत काकांनी इंजिन सुरू केलं. पाणी खरंच झपाट्याने उतरत होतं.

जेट्टीवर उतरल्यावर मी विचारलं, "काका, उद्या भरती किती उशिरा?"

"पाऊन तास धर."

"मग कोल्हाही उद्या पाऊण तास उशिराच उतरणार?"

काका दोर बांधता बांधता थांबले. तिवरांकडे वळून बघत म्हणाले, "ह्ये कदी मनात नाय आलं. उद्या ये. बगू दोगं."