'प्लेबॉय'ला मराठी जोड: शब्दकार्डांची या महिन्यातील प्रगती

'प्लेबॉय' या शब्दाला मराठी जोड, म्हणजे तोच अर्थ देणारा शब्द, शोधताना आतापर्यंत एकेका शब्दाची १९ कार्डे पूर्ण झाली असून एक रद्द करावे लागले. इंग्रजीत सतराव्या शतकात हा शब्द नाटकात काम करणाऱ्या मुलासाठी होता, पैसेवाला चैनी पुरुष हा अर्थ १८२९ पासून आढळतो आणि १९५३ मध्ये त्या नावाचे अमेरिकी मासिक निघाल्यावर तो सर्वतोमुखी झाला. पैसा, चैन आणि अविवाहितपण अशा तिन्ही गोष्टी त्यात एकवटल्या आहेत. आपले शब्द अडतात ते तिसऱ्या गोष्टीपाशी.

'गुलहौशी' मला सर्वांत देखणा वाटतो. फारसी 'गुल' म्हणजे फूल, आणि 'हौस' आली अरबी 'हवस'वरून. पण गुलहौशी माणूस चार मुलांचा बापही असू शकतो. 'रंगेल'चेही तेच. 'ऐषारामी'तील अरबी 'ऐश' म्हणजे मुळात जगणे, आणि इजिप्तमध्ये तर रोजच्या भाकरीलाच 'ऐश' म्हणतात, हे लिहिताना मला हसू आवरले नाही.

बेळगावात राहण्याचा लाभ असा की शेजारच्या कन्नड भाषक काकांना कट्ट्यावरच विचारता आले. नव्या मोटारसायकलवरून गल्लीत तिसरी फेरी मारणाऱ्या पोराकडे हनुवटीने खूण करून ते म्हणाले, "नोड्री (बघा), शोकीलाल!" आपल्या 'शौकीन'मधला अरबी 'शौक'च तो.

रद्द झालेले कार्ड 'नागरक'चे, म्हणजे शहरी शौकीन पुरुषाचे. कामसूत्रातील हा नागरक रोज स्नान करतो, दर चौथ्या दिवशी दाढी करतो, त्याच्या खोलीत हस्तिदंती खुंटीवर वीणा टांगलेली असते आणि जेवणानंतर तो पोपट-मैनांना बोलायला शिकवतो. एवढ्या थाटावर भुलून मी त्याला अविवाहितांत घातले होते. मूळ पाठ पुन्हा वाचला तेव्हा 'गार्हस्थ्य' पत्करल्यावरची ही दिनचर्या आहे असे पहिल्याच सूत्रात निघाले.

अविवाहितपण नेमके पकडतो तो 'सडाफटिंग', मात्र त्याच्या खिशात काय आहे याविषयी तो शब्द मौन बाळगतो. तूर्त कार्डावर 'सडा गुलहौशी' असे पेन्सिलीने लिहिले आहे. पुढे 'फाकडा' घ्यायचा आहे. १७७९ मध्ये कार्ल्याजवळ लढाईत पडलेल्या ईस्ट इंडिया कंपनीच्या कॅप्टन स्टुअर्टला मराठ्यांनी 'इष्टुर फाकडा' म्हटले, तेव्हा त्या शब्दात शौर्य किती आणि नखरा किती हे आधी निवडावे लागेल.