खालच्या होजनं खाल्लेला आठवडा

गाडीचे होज बदलतोय, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं द्रव, कूलंट, ज्यांतून फिरतं त्या रबरी नळ्या. मागच्या वेळी 'मोठे होज झाले, आता फक्त हीटरचे दोन उरले' असं मी छातीठोकपणे लिहिलं होतं. शब्द मागे घेतो. रविवारी होज बसवले, गाडी तासभर फिरवून आणली, तापमानाचा काटा मधोमध आणि सगळं कोरडं ठणठणीत. सोमवारी सकाळी रेडिएटरखाली अंथरलेल्या पुठ्ठ्यावर हिरवा ठिपका. नाण्याएवढा.

खालचा होज, रेडिएटरकडचं टोक. क्लॅम्प, म्हणजे होज आवळून धरणारा धातूचा पट्टा, अर्धा फेरा आवळला. मंगळवारी ठिपका हजर. आणखी आवळला. बुधवारी ठिपका चक्क वाढलेला! आणि इंजिन तापलं की गळती बंद. बॉनेट उघडून टॉर्च मारत बसलो तर एक थेंब नाही, रात्री गार झालं की पुन्हा सुरू.

हे गार पडल्यावरचं गळणं नवीन नाही, इथल्या निम्म्या लोकांनी भोगलंय. तापल्यावर रबर धातूपेक्षा कितीतरी जास्त फुगतं, पण स्क्रूवाला क्लॅम्प जिथे आवळलाय तिथेच राहतो. मधल्यामधे रबर चेपतं आणि चेपलेलंच राहतं. गार झालं की ते आक्रसतं, क्लॅम्प काही त्याच्यामागे जात नाही, आणि केसाएवढ्या फटीतून कूलंट पाझरतं. एवढं माहीत होतं. प्रश्न असा की वरचा होज त्याच रबराचा, त्याच जातीचा क्लॅम्प, मग तो का गळत नाही?

आधी संशय रेडिएटरच्या झाळणीवर घेतला. खात्री करायला रात्री जोडाच्या वर आणि खाली टिश्यू पेपरच्या दोन पट्ट्या गुंडाळून ठेवल्या. सकाळी झाळणीकडची कोरडी, होजच्या तोंडाकडची ओली, तीही फक्त डाव्या बाजूला. झाळण निर्दोष सुटली.

होज काढला. क्लॅम्पच्या पट्टीच्या आरपार खाचांमधून रबर वर आलेलं, त्यावर खाचांचा ठसा जिन्याच्या पायऱ्यांसारखा. त्यात मी वापरला होता ४० ते ६० मिमीचा क्लॅम्प. का, तर तो डब्यात होता! होज आतून ३८, जाडी साडेचार, म्हणजे बाहेरून ४७. क्लॅम्पचं माप नेहमी बसवलेल्या होजच्या बाहेरून घ्यायचं, हे मीच इथे दोनदा सांगितलंय. मोठ्या मापाचा क्लॅम्प आवळत आणला की स्क्रूच्या घराखाली तो गोल राहत नाही, सपाट होतो. बरोबर तिथेच दाब कमी.

पण खरा चोर पुढे होता. होज जिच्यावर चढतो त्या रेडिएटरच्या तोटीला सहज व्हर्नियर (बारीक मापाचं कॅलिपर) लावला: आडवं माप ३८.६, उभं ३७.४. तोटी अंडाकृती! पातळ पितळ आहे, कधीतरी कुणीतरी जीव खाऊन क्लॅम्प आवळलेला असणार. आणि तीन दिवस मीही तेच करत होतो. ठिपका का वाढला, ते तिथे कळलं.

एक लाकडी दांडा घासून निमुळता केला आणि तोटीत फिरवत फिरवत हलक्या हातानं आत नेला. हातोडी घ्यायचा मोह झाला, पण झाळण उखडली तर रेडिएटरच उतरवावा लागला असता. पाऊण तास गेला. आता ३८.२ आणि ३७.८. याहून जास्त मागणार नाही. आधीच्या मालकानं फासलेला काळा चिकटा प्लास्टिकच्या पट्टीनं खरवडला आणि ४०० नंबरच्या पॉलिश पेपरनं गोल गोल घासलं. उभं घासू नका, प्रत्येक उभा ओरखडा म्हणजे कूलंटला आयती पन्हाळ.

बसवताना तोटीला थोडं कूलंटच लावलं. तेल किंवा ग्रीस ईपीडीएमला, म्हणजे होजच्या नेहमीच्या काळ्या रबराला, फुगवतं. क्लॅम्प तोटीच्या उंचवट्याच्या लगेच मागे, त्याच्यावर नाही. आणि या वेळी स्प्रिंग क्लॅम्प. हो, ज्यांना मी 'कारखान्याची काटकसर' म्हणून हिणवत आलो तेच. रबर फुगलं की फुगतो, आक्रसलं की मागे येतो. बसवणं मात्र वैताग आहे: पक्कड एकदा निसटली आणि क्लॅम्प कानाजवळून गेला. गॉगल घाला. क्लॅम्पचे कान, म्हणजे पक्कडीत धरायची टोकं, कुठल्या बाजूला ठेवायचे तेही आधीच ठरवा, नाहीतर पुढच्या वेळी पक्कड आत जाणार नाही.

हीटरच्या १६ मिमीच्या होजसाठी निळं सिलिकॉन मागवणार होतो. रद्द. दिसतं झकास, पण मऊ असतं, खाचांचा क्लॅम्प त्याला कापतो, आणि त्यातून पाण्याची वाफ हळूहळू झिरपते ती वेगळीच. साधं ईपीडीएम घेतोय. एका विक्रेत्यानं पाठवलेला तुकडा वाकवताच बाहेरून बारीक चिरा दिसल्या, किती वर्षं पडून होता कोण जाणे. परत केला.

राहिला बायपासचा (कूलंट रेडिएटर टाळून इंजिनातच फिरवणारा) दुहेरी वळणाचा होज, जो कुठे मिळत नाही. तिथे नालीदार लवचिक नळी लावायचं ठरवलं होतं, पण हे लिहिता लिहिता वाटतंय, जुन्या होजच्या आत जाड तार घालून त्याचं वळण उतरवून घेतो आणि दुसऱ्या एखाद्या गाडीच्या, साच्यात वळवून घडवलेल्या लांब होजमधून तेवढाच तुकडा कापता येतो का बघतो. १९ मिमी आतून, दोन वळणं, मधलं अंतर साधारण ७० मिमी. कुणाच्या अडगळीत असं काही असेल तर मापं टाका.

पुठ्ठा बदललाय. गुरुवार, शुक्रवार, शनिवार: तारखा पेन्सिलनं लिहिल्यात, खाली काही नाही.