मांडवीवर उभा मडगाव

मराठी शब्दकोड्यात एका घरात एक अक्षर, काना-मात्रा-वेलांटीसकट. म्हणून ‘पणजी’ला तीन घरं आणि ‘वास्को’ला दोनच. ‘स्को’ फोडता येत नाही. कोडं अडतं ते नेमकं अशा घरात, कारण ‘स्को’वरून जाणारा उभा शब्द शोधायचा कुठून? जोडाक्षराच्या खाली-वर काळी घरं ठेवलेली बरी.

सुटी अक्षरं मात्र सोन्यासारखी. ‘मांडवी’ आडवा लिहा. मधल्या ‘ड’वरून ‘मडगाव’ उभा जातो: ‘म’ वर, ‘गा’ आणि ‘व’ खाली. ‘वी’खाली ‘वीज’ चालेल, ‘विहीर’ नाही. ऱ्हस्व-दीर्घाची अशी तडजोड म्हणजे सोडवणाऱ्यावर अन्याय. आता तिसरी ओळ बघा: ‘गा’शेजारी ‘ज’ आला, समुद्राची ‘गाज’ आपसूक मिळाली! शेजारची घरं नेहमी अशी तपासावीत, नाहीतर तिथं निरर्थक जोडी उरते.

क्रमांक सगळ्यात शेवटी, वरच्या ओळीपासून, डावीकडून उजवीकडे. शब्द जिथं सुरू होतो तिथंच आकडा: ‘म’ १, ‘मां’ २, ‘वी’ ३, ‘गा’ ४. ‘ड’ला आकडा नाही.